साखळीतलं वजन नांगरात हवं

नऊ-दहा मीटर लांबीची शिडाची होडी घेणारा माणूस शिडांच्या कापडावर, इंजिनावर, नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर महिनोन्‌महिने खल करतो. नांगराचा विचार मात्र सहसा होत नाही. आधीच्या मालकाने नाळेवर जो ठेवला असेल तोच पुढे चालतो, आणि बदलायची वेळ आलीच तर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा की नांगर पुरेसा घ्या, उगाच जड नको. दुसरा असा की साखळी मात्र भरपूर घ्या, कारण खरी पकड साखळीच्या वजनाची असते. दोन्ही सल्ले जुने आहेत आणि समुद्रावर आयुष्य घालवलेली माणसं ते देतात, त्यामुळे सहज झटकून टाकता येत नाहीत. तरीही लहान होडीच्या बाबतीत ते नेमके उलटे आहेत, असं माझं मत आहे. अशी होडी थोडंच वजन वाहू शकते आणि तिच्यावरची दोन-तीन माणसं थोडंच वजन उचलू शकतात. हे मोजकं वजन साखळीतून काढून नांगरात घातलं पाहिजे, आणि त्या एका जड नांगराच्या जोडीला अगदी वेगळ्या घडणीचा, हलका, हाताने वाहून नेता येईल असा दुसरा नांगर ठेवला पाहिजे.

वजनावरचा विश्वास फार जुना आहे, आणि एके काळी तो बरोबरही होता. द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले आहेत. काही त्रिकोणी, भोकं पाडलेले. काही खांबासारखे लांबट. भोकांत लाकडी सोट अडकवले की ते तळात थोडेफार रुततही, पण मुख्य भरवसा दगडाच्या भारावर. या भरवशाची किंमत जबर असते. पाण्यात बुडालेला दगड आपल्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गमावतो आणि उरलेल्या वजनाच्या घर्षणावर जहाज थोपवून धरतो. लोखंड पाण्यात सुमारे आठवाच हिस्सा गमावतं, पण लोखंडी नांगराचा खरा फायदा तो नव्हे. त्याचं टोक तळात शिरतं आणि पकड मग त्याच्या स्वतःच्या भाराची न राहता वर साचलेल्या वाळूची किंवा चिखलाची होते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या कोष्टकानुसार ३० फुटी होडीच्या नांगरावर ३० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या वाऱ्यात ७०० पौंडांचा, म्हणजे जवळपास ३१८ किलोचा आडवा ओढा गृहीत धरावा. एवढा ओढा निव्वळ घर्षणावर पेलायचा तर अर्ध्या टनाहून जड धोंडा लागेल. चांगल्या वाळूत नीट रुतलेला १५ किलोचा आधुनिक नांगर तो पेलतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपटीहून अधिक. वजन निरर्थक ठरत नाही, पण त्याचं काम बदलतं. आता वजन हवं ते टोकाला तळात घुसवण्यासाठी आणि पात्याचा पसारा वाढवण्यासाठी.

हे नीट ओळखून लहान होड्यांसाठी नांगर नव्याने घडवला तो जेफ्री इंग्राम टेलर या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने. द्रव आणि वायूंच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या विसाव्या शतकातल्या अग्रगण्य वैज्ञानिकांपैकी तो एक. तर्काचं गणित मांडणारा जॉर्ज बूल हा त्याच्या आईचा बाप. टेलर स्वतः शिडाची होडी चालवत असे, १९२७ मध्ये ती घेऊन तो उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांपर्यंत गेला होता. त्या काळी चालणाऱ्या, आडवा दांडा असलेल्या दोन हातांच्या नांगराचे दोष उघड होते. त्याचा एक हात तळात रुतला की दुसरा वर उभा राहतो, म्हणजे निम्मं लोखंड बिनकामाचं. शिवाय भरती-ओहोटीबरोबर होडी फिरली की साखळी त्या उभ्या हाताला वेढा घालते आणि नांगर उपटून काढते. टेलरने १९३३ मध्ये पेटंट घेतलेल्या नांगराला एकच पातं होतं, शेतातल्या नांगराच्या फाळासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं. तो सीक्यूआर या नावाने विकला गेला आणि पुढची पन्नासएक वर्षं लहान होड्यांच्या नाळेवर तोच दिसत राहिला. त्यानंतरची पायरी १९८० नंतर आली. जर्मनीत, फ्रान्समध्ये, न्यूझीलंडमध्ये असे नांगर निघाले की ज्यांचं पातं फाळासारखं माती दुभंगत नाही, फावड्यासारखं माती धरतं. काहींना वर लोखंडी कमान असते, त्यामुळे नांगर कसाही पडला तरी कुशीवर वळून टोक खाली करतो. काहींच्या टोकात शिसं भरलेलं असतं. आलँ प्वारो यांचा स्पेड आणि पीटर स्मिथ यांचा रोक्ना ही या पिढीतली ठळक नावं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नौकानयनाच्या मासिकांच्या सहभागाने झालेल्या ओढ-चाचणीत घट्ट वाळूत नव्या घडणीचे नांगर चटकन रुतले. जुना फाळाचा नांगर मात्र अनेकदा नुसताच घसरत गेला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं काम मागे पडलं याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. पकड आकारातून येते, ही त्याचीच शिकवण पुढच्यांनी त्याच्याहून पुढे नेली.

आता साखळी. तिच्या बाजूने नेहमी मांडली जाणारी गोष्ट अशी की साखळी स्वतःच्या भाराने झोळ धरते, तळावर पडून राहते, त्यामुळे नांगराच्या दांड्यावर ओढा आडवा येतो आणि टोक वर उचललं जात नाही. हे खरं आहे, पण किती वाऱ्यापर्यंत? हिशेब अवघड नाही. आठ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला १.४ किलोच्या आसपास असतं, पाण्यात सव्वा किलोच्या जरा खाली. नाळेपासून तळापर्यंतची उंची सहा मीटर धरा आणि तिच्या पाचपट, म्हणजे ३० मीटर साखळी सोडा. ही ४२ किलोची साखळी तळावरून पूर्ण उचलली जायला सुमारे ८८ किलोचा ओढा पुरतो. वर सांगितलेल्या कोष्टकात ३० फुटी होडीसाठी १५ नॉट वाऱ्याचा ओढा ७९ किलो दिलेला आहे. ओढा वाऱ्याच्या वर्गाप्रमाणे वाढतो, तेव्हा १६ नॉटच्या सुमारास झोळीचं काम संपतं. कोष्टकातले आकडे मुद्दाम सावधपणे चढे धरलेले आहेत, हे मान्य करून आणखी चार-पाच नॉटची सवलत दिली तरी निष्कर्ष हलत नाही. ज्या वाऱ्यात कोणाची झोप उडत नाही, तेवढ्यापुरतीच साखळीची झोळी उपयोगी. ३० नॉटच्या वाऱ्यात तीच साखळी जवळजवळ सरळ ताणलेली असते आणि नांगराच्या दांड्याशी सुमारे आठ अंशांचा कोन करते. बिनवजनाचा दोर सरळ ताणला असता तर कोन साडेअकरा अंशांचा झाला असता. म्हणजे ४२ किलो लोखंडाने जेमतेम तीन अंश मिळवून दिले. तेच तीन अंश दुसऱ्या वाटेनेही मिळतात. नायलॉनचा दोर पाचपटीऐवजी सातपट सोडला की कोन आठ अंशांवरच येतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा १२ मीटर दोराचं वजन दीड किलोही भरत नाही. वर नायलॉन ताणाखाली लांबतं आणि लाटेचे हिसके गिळतं. सरळ ताणलेली साखळी एक हिसकाही गिळत नाही, सगळे नांगरावर आणि नाळेवर नेऊन आपटते.

दुसऱ्या पारड्यात नांगर ठेवून पाहा. दहा मीटरच्या होडीला १५ किलोचा नांगर सुचवला असेल तर त्याच घडणीचा पुढचा आकार २० किलोच्या आसपास असतो. वाढलेले पाच किलो म्हणजे साडेतीन मीटर साखळी. साडेतीन मीटर साखळी कमी घेतल्याने कोणत्याही वादळात ओळखू येईल असा फरक पडणार नाही. नांगर तिसऱ्या हिश्शाने मोठा झाल्याचा फरक प्रत्येक रात्री पडेल. साखळी अजिबात नको, असं मी म्हणत नाही. नांगराला लागून आठ-दहा मीटर साखळी हवीच, कारण तळाशी दोर कातळावर, शिंपल्यांवर, टाकून दिलेल्या लोखंडावर घासतो आणि एका रात्रीत तुटू शकतो. लक्षद्वीप-अंदमानसारख्या प्रवाळाच्या पाण्यात तर सबंध साखळीला पर्याय नाही. तिथे दोर कापला जाणं हा मुख्य धोका आहे आणि त्यापुढे वजनाचा हिशेब गौण ठरतो. गर्दीच्या बंदरात साखळीवरची होडी कमी जागेत फिरते आणि वाऱ्यात कमी झुलते, हाही फायदा खरा. पण हे फायदे विशिष्ट जागांचे आहेत. वाळू आणि गाळ यांचा तळ असलेल्या किनाऱ्यावर, दोन माणसांच्या होडीने ते आपल्या सगळ्या फेऱ्यांवर ओझं म्हणून लादून घ्यायचं कारण नाही.

सातपट दोर म्हणताना कशाच्या सातपट, इथे पुष्कळांचा घोटाळा होतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तो महागात पडू शकतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. गोव्यात तो साधारण निम्मा. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, नाळेची उंची एक मीटर धरली आणि चार मीटरच्या सातपट म्हणून २८ मीटर दोर सोडला, तर सहा तासांनी पाणी चार मीटर चढल्यावर तोच दोर जेमतेम साडेतीनपट उरतो आणि दांड्याचा कोन दुपटीने वाढून साडेसोळा अंशांवर जातो. भरतीच्या पाण्यासकट आठ मीटर धरून ५६ मीटर सोडायला हवा होता. जास्त साखळीचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे विचार करावा. ५६ मीटर साखळी म्हणजे ७८ किलो. ती उचलायला विजेचा रहाट लागतो, रहाटाला बॅटरी लागते, आणि ते सगळं होडीच्या ज्या टोकाला सर्वांत कमी वजन असावं तिथे जाऊन बसतं. परिणामी साखळी कमी घेतली जाते, आणि जी घेतली तिच्या वजनाच्या भरवशावर पुरेशी लांबीही सोडली जात नाही. दोर हलका असल्यामुळे लांब ठेवता येतो आणि लांब सोडायला हात आखडत नाही.

मग नांगर एक जड घेतला की झालं, असंही नाही. एकच घडण सगळ्या तळांना पुरत नाही, आणि यासाठीचा पुरावा मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ, चेसापीक उपसागरातल्या मऊ चिखलात २०१४ मध्ये झालेल्या चाचण्यांत मिळाला. तिथे अॅल्युमिनियमचा, दोन रुंद चपटी पाती बिजागरीवर हलणारा फोर्ट्रेस हा २१ पौंडांचा नांगर होता, आणि त्याच्याशी तुलनेला दुपटीच्या आसपास जड असे पोलादी नांगर होते. पाती ४५ अंशांवर उघडून ठेवल्यावर हलक्या नांगराने जड नांगरांना मागे टाकलं. या चाचण्या त्याच नांगराच्या उत्पादकाने घडवून आणल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण निष्कर्ष केवळ उत्पादकाच्या शब्दावर उभा नाही. अमेरिकी नौदलाच्या नांगरविषयक पुस्तिकाही वाळूसाठी पात्याचा कोन ३० अंशांच्या आसपास आणि चिखलासाठी ५० अंशांच्या आसपास ठेवायला सांगतात. मऊ चिखलात पकड पात्याच्या पसाऱ्यातून आणि खोल जाण्यातून येते, आणि हलक्या धातूचं मोठं पातं त्यात सरस ठरणारच. मुंबई बंदराचा आणि कोकणातल्या खाड्यांचा बराच तळ असाच गाळाचा आहे.

असं असेल तर हा हलका नांगरच मुख्य का नको? कारण चपट्या पात्यांचा नांगर एका दिशेच्या ओढ्याला अप्रतिम धरतो, पण ओढ्याची दिशा उलटली की तो उपटला जाऊ शकतो, आणि बिजागरीत एखादा खडा किंवा शिंपला अडकला तर पाती पुन्हा उघडत नाहीत. खाडीत पाण्याची ओढ दर सहा तासांनी उलटते. रात्री एक वाजता ओहोट लागताना होडीवरची सगळी माणसं झोपलेली असतात, आणि त्या वेळी जो नांगर आपला आपण वळून पुन्हा रुततो तोच मुख्य म्हणून नाळेवर हवा. हे काम फावड्यासारख्या पात्याचा नांगर करतो. हलका नांगर चिखलात जोड म्हणून, होडी एका दिशेला खेचून धरायला, किंवा वाळूत रुतलेली होडी मोकळी करायला. कातळावर आणि दाट पाणवनस्पतींत दोन हातांचा जुना नांगर अजूनही बरा, पण तशा जागी रात्र काढायचं टाळणं हा अधिक चांगला उपाय आहे.

होडी मोकळी करण्याचा प्रसंग आला की हलक्या नांगराची खरी किंमत कळते. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ च्या डिसेंबरात त्याची होडी उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूत चढली. ती खोल पाण्याकडे ओढायची तर मोठा नांगर लाटांपलीकडे नेऊन टाकायला हवा होता, आणि त्याच्याकडे त्यासाठी अर्धी कापलेली एक छोटी डोंगी होती. नांगर आणि दोर एकदम ठेवताच ती बुडाली. मग त्याने दोर कापून दोन खेपा केल्या, आणि नांगर टाकायच्या जागी पोचेपर्यंत डोंगी काठोकाठ भरली होती. त्याने नांगर डोक्यावर उचलून फेकला, डोंगी उलटली, आणि तेव्हा त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. स्लोकमची होडी वाचली, तोही वाचला. पण त्या ओझ्याच्या जागी पाच-सात किलोचा मोठ्या पात्याचा नांगर असता तर हेच काम एका खेपेत झालं असतं. दुसरा नांगर निवडताना प्रश्न विचारायचा तो हाच: होडीवरचं सर्वांत अशक्त माणूस तो एकट्याने, हलत्या डेकवर किंवा रबरी डोंगीत, हाताळू शकेल का? ज्याचं उत्तर नाही असं येतं, तो नांगर होडीवर असून नसल्यासारखा.

नाळेवरच्या वजनाचा आक्षेप मी वर अर्धाच घेतला आहे. शर्यतीत उतरणारे म्हणतील की २० किलोचा नांगरदेखील नाळेवर नको, होडी लाटेत तोंड खुपसते. बरोबर आहे. होडीची डुलण्याची खोड वजनावर आणि मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. मध्यापासून साडेचार मीटरवर ठेवलेलं वजन दीड मीटरवर आणलं की त्याचा हा परिणाम नवव्या हिश्शावर येतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला, किनारा सोडल्यावर, नांगर खाली घेऊन डोलकाठीच्या पायाशी घट्ट बांधावा, आणि किनारा दिसू लागला की पुन्हा नाळेवर चढवावा. नांगर आणि दहा मीटर साखळी असं हलवता येते. पन्नास मीटर साखळी कोणी हलवत नाही, ती जिथे आहे तिथेच वर्षभर राहते. वजनाच्या आक्षेपाचा रोख खरं तर साखळीकडेच असायला हवा. किनाऱ्याजवळ मात्र नांगर आवरून ठेवणं धोक्याचं आहे. दुसरा नांगर त्याच्या साखळी-दोरासकट एका पिशवीत, मागच्या बाजूच्या पेटीत, वर काही न रचता ठेवावा.

इंजिन असताना आणि धक्क्याला होडी बांधायची सोय असताना एवढा विचार कशाला, असंही विचारलं जाईल. आपल्या किनाऱ्यावर यॉटसाठी बांधलेले धक्के बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. इंजिनाच्या पंख्यात सुटं जाळं अडकलं की इंजिन संपलं, आणि वारा पडलेला असताना ओहोट होडीला कातळाकडे नेऊ लागला तर थांबवायला नांगराखेरीज काही नसतं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी यांनी तीच होडी मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईला आणली. त्या पराक्रमांनी आपल्याकडे शिडाच्या होड्यांची ओढ वाढली, हे फार चांगलं झालं. पण न थांबता जाणाऱ्याला भर समुद्रात नांगर लागत नाही. तो लागतो विजयदुर्ग किंवा जयगडच्या खाडीत रात्र काढणाऱ्याला. थांबायचं कसं, हे लांब पल्ल्याच्या कथांतून शिकायला मिळत नाही.

आणि कधी थांबू नये, हे एका रात्रीने शिकवलं. १९८२ च्या डिसेंबरात मेक्सिकोतल्या काबो सान लुकास इथे किनाऱ्यालगतच्या वाळूच्या अरुंद पट्ट्यावर दाटीने नांगरलेल्या होड्यांवर समुद्राकडून वादळी वारा आला आणि दोन डझनांहून अधिक होड्या किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्यांत बर्नार मोआतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीची, स्लोकमचंच नाव दिलेली ‘जोशुआ’ ही पोलादी होडीही होती. तिच्यातून त्याने पृथ्वीला दीड फेरी मारली होती. त्या गर्दीत कोणाचा नांगर चांगला, कोणाचा वाईट, याला फारसा अर्थ उरला नाही. एकीचा नांगर सुटला की ती दुसरीवर जाऊन आदळे, आणि सुटलेले दोर पंख्यांत अडकत. जो वेळेवर नांगर सोडून समुद्रात निघाला तोच सुरक्षित. ही घटना माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असं कोणी म्हणेल, कारण इथे जड नांगर कामी येत नाही. मला ती पूरक वाटते. नांगर पटकन सोडता आला पाहिजे, आणि सोडल्यावरही होडीवर दुसरा असला पाहिजे.

दहा मीटरच्या होडीसाठी हिशेब मांडतो. नाळेवर फावड्यासारख्या पात्याचा २० किलोचा नांगर, आठ मिलिमीटरची दहा मीटर साखळी, १४ मिलिमीटरचा ६० मीटर नायलॉन दोर: सगळं मिळून साधारण ४१ किलो. मागच्या पेटीत अॅल्युमिनियमचा सात किलोचा नांगर, पाच मीटर साखळी, ५० मीटर दोर: १८-१९ किलो. दोन्ही मिळून साठएक किलो. उलट १५ किलोचा एकच नांगर आणि ६० मीटर साखळी हे ९९ किलो होतात, तेही सगळे नाळेत, आणि दुसरा नांगर नाहीच. नांगर घेताना स्वस्त प्रतिकृतीच्या मोहात पडू नये. आकार नकलता येतो, दांड्याचं पोलाद आणि जोड डोळ्यांना दिसत नाहीत. उत्पादकाच्या कोष्टकात किती वारा गृहीत धरला आहे ते आधी वाचावं, कारण एक ३० नॉट धरतो आणि दुसरा ५०. ज्यांची होडी आधीच पाण्यात आहे त्यांनी नवं काही घेण्यापूर्वी एक काम करावं. साखळीची किंवा दोराची आतली कडी होडीला कशाने जोडली आहे ते पाहावं. तिथे लोखंडी शॅकल असेल तर काढून टाकावी आणि डेकपर्यंत पोचेल एवढ्या लांबीच्या मजबूत दोरीने ती बांधावी, म्हणजे वेळ आली की चाकूच्या एका घावात मोकळं होता येईल. चाकूही नाळेजवळच ठेवावा.